डिस्क गोल्फ: पुण्याच्या मैदानावर लांब फेकीचा सराव

प्रति: मंडळ क्रीडा यादी
विषय: लांब फेक, बास्केटशिवाय

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मार्च अखेरपर्यंत मी कोथरूडलाच आहे. येताना बॅगेत तीन डिस्क टाकल्या होत्या: एव्हिआर (जवळच्या नेमाची, म्हणजे पटर), लेपर्ड आणि डिस्ट्रॉयर (दोन्ही लांब फेकीच्या). घराजवळच्या कॉलेजचं मैदान सकाळी साडेसहाला मोकळं मिळतं. सातनंतर क्रिकेटची पोरं स्टंप ठोकायला येतात आणि कडेने फिरणाऱ्यांची रांग लागते.

लेपर्ड पंचाहत्तर मीटरला पडते. डिस्ट्रॉयरही तिथेच पडते, वर आणखी डावीकडे. अंतर मोजायला शंका नाही, कारण मैदानावर खेळाच्या दिवसासाठी मारलेल्या फक्कीच्या रेषा अजून दिसतात. जास्त जोर लावला की डिस्क वर चढते, हवेत थांबल्यासारखी होते आणि खाली येते. एप्रिलमध्ये तिकडे, तुमच्याकडे, स्पर्धा सुरू व्हायच्या आत मला शंभर मीटर गाठायचेच आहेत. काका, बाजूने काढलेला व्हिडिओ जोडलाय. इथे बास्केट, म्हणजे डिस्क जिच्यात टाकायची ती साखळ्यांची टोपली, नाही. ती नसताना नेमकं काय करत राहू?

---

उत्तर: लांब फेक, बास्केटशिवाय

अगं, आधी आईला नमस्कार सांग आणि त्यांना जिन्याची घाई करू देऊ नकोस.

बास्केट नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. एड हेड्रिकला साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट १९७७ मध्ये मिळालं. त्याआधी लोक झाडांवर आणि खांबांवर नेम धरूनच खेळत होते. आणि अंतर वाढवायला तर मोकळं मैदानच लागतं. इथे कोर्सवर आपण एका होलला एकदा फेकतो आणि चालायला लागतो. तिथे तुला तीच फेक पुन्हा पुन्हा करता येतेय, शिवाय फक्कीची रेषा आहे.

डिस्ट्रॉयर घरी ठेव. तिचे आकडे १२, ५, -१, ३. पहिला आकडा वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा उजवीकडे वळण्याचा आणि शेवटचा डावीकडे पडण्याचा. तेवढ्या वेगाने हातातून सुटली तरच ती सरळ जाते, नाहीतर तो शेवटचा ३ लगेच लागू होतो आणि ती डावीकडे पडते. लेपर्ड ६, ५, -२, १ आहे, तुझ्या आजच्या हाताला तीच बरोबर. दोन्ही एकाच अंतरावर पडतायत म्हणजे डिस्क बदलून काही मिळणार नाही, हाताचा वेगच वाढवायला हवा. आणि तो वाढवायचा तर निम्मा सराव पटरने कर. पटर काही लपवत नाही. जरा तिरकी सुटली की लगेच डुगडुगते.

व्हिडिओ सावकाश करून नीट पाहिला. तुझा उजवा पाय टेकतो तेव्हा डिस्क पोटापर्यंत आलेली असते. पाय आणि हात एकदमच निघतायत. म्हणजे शरीराचा वेग हातापर्यंत पोचायच्या आत फेक संपलेली असते आणि मागे उरतो तो नुसता दंडाचा जोर. हवं ते असं: डिस्क सगळ्यात मागे असतानाच उजवी टाच जमिनीवर पक्की बसलेली पाहिजे. फास्ट बोलरचा पुढचा पाय डोळ्यासमोर आण. तो पाय अडवतो, म्हणून धावण्यातला वेग वर खांद्यात आणि तिथून बॉलमध्ये जातो. इथेही पाय अडवतो, मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर पुढे येतं, आणि मनगट सगळ्यात शेवटी आपोआप उघडतं. मनगट मुद्दाम झटकायचं नाही. टाचेवर वजन आलं की पंजा लक्ष्याकडे वळू दे, नाहीतर पिळ सगळा गुडघ्यात जाईल.

दुसरं, तुझी डिस्क छातीला वळसा घालून येतेय. ती उजव्या छातीच्या जवळून सरळ रेषेत ओढायची. त्या क्षणी दंड छातीपासून सुटा हवा, साधारण काटकोनात. दंड अंगाला चिकटला की डिस्क गोल फिरणार आणि कुठे सुटेल याचा नेम नाही.

वर चढून पडते त्याचं कारण जोर नाही. डिस्कचं नाक वर आहे. धरताना मनगट करंगळीच्या बाजूला किंचित झुकव आणि तसंच ठेव. बोटं सुरुवातीला सैल, सुटायच्या वेळी घट्ट. पहिल्यापासून आवळून धरलीस तर अख्खा हात ताठ होतो.

सराव असा कर. आधी उभ्याने, पाय न हलवता, डिस्क छातीपाशी धरून तिथूनच सोड. वीस-तीस मीटर गेली तरी चालेल, सपाट आणि न डुगडुगता गेली पाहिजे. मग उभ्यानेच पूर्ण मागे नेऊन. मग एक पाऊल टाकून, मनात ‘टाच, मग हात’ म्हणत. एक्स-स्टेप, म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकत पुढे येऊन फेकणं, सगळ्यात शेवटी, तीही चालण्याच्या वेगाने. लोकांना धावत येऊन फेकायची घाई असते, पण उभ्याने साठ मीटर जात नसेल तर धावून मिळालेले पाच-दहा मीटर फार दिवस टिकत नाहीत. पुढचा व्हिडिओ मागून काढ आणि एकच गोष्ट बघ: टाच टेकली तेव्हा डिस्क कुठे होती.

डेव्हिड विगिन्स ज्युनियरचा ३३८ मीटरचा विक्रम बघून कोणी हिशोब मांडू नका. २०१६ मधली ती फेक नेवाडाच्या वाळवंटात, मागून जोरदार वारा घेऊन केलेली आहे.

---

उत्तर: लांब फेक, बास्केटशिवाय

काकांच्या म्हणण्यात फिजिओ म्हणून थोडी भर.

रोज फेकू नकोस गं. एक दिवसाआड पुरे, आणि पूर्ण जोराच्या फेकी त्यातल्या थोड्याच. आधी दहा मिनिटं खांदे, कंबर आणि पाठीचा वरचा भाग मोकळा कर. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी अंग आखडलेलं असतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांब, ‘दोनच फेकी आणखी’ नको. बॅकहँडवाल्यांना टेनिस एल्बो होतो तो बहुतेक घट्ट पकडीमुळे. आणि कडक जमिनीवर खिळ्यांचे बूट घालू नकोस, पंजा वळतच नाही.

---

उत्तर: लांब फेक, बास्केटशिवाय

काका, ताई, मनापासून आभार.

मागून काढलेल्या व्हिडिओत आता टाच आधी टेकलेली दिसते. पहिले काही दिवस पटर पन्नासच्या रेषेलाही पोचेना, पण आता उभ्याने साठ पार करते आणि सुटताना बोटांना टक्कन झटका बसतो, तो आधी कधी जाणवला नव्हता. लेपर्ड काल नव्वदच्या जवळ पडली, आणि जोर आधीपेक्षा कमी लागला! नाक खाली ठेवायला मात्र अजून मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

नवीन प्रश्न. लेपर्ड आता उजवीकडे वळून जमिनीकडे जाते. वेग वाढल्यामुळे का? मैदान निम्मं मुरमाचं आहे आणि डिस्कची कड बोट फिरवलं की करवतीसारखी लागते. धूळही बसते, दर फेकीला पुसावी लागते.

---

उत्तर: लांब फेक, बास्केटशिवाय

शाब्बास! बोटांना बसणारा तो झटका हीच खरी खूण.

उजवीकडे वळण्यात दोन्ही कारणं असू शकतात. तुझी लेपर्ड साध्या प्लॅस्टिकची आहे. मुरमावर कड झिजली की डिस्क अधिक उजवीकडे वळते, वेग वाढला तरी तेच होतं, आणि समोरून वारा असेल तर आणखीच. म्हणून वारा पडलेला असताना तपास. ती डावी कड खाली झुकवून, म्हणजे हायझरवर सोड. उठून सरळ झाली आणि लांब गेली तर डिस्क झिजली असली तरी कामाची आहे, तशीच वापर. पण पटरही उजवीकडे जात असेल तर दोष डिस्कचा नाही, सुटताना तुझा खांदा मागे कलतोय. मग पुन्हा छातीपासूनच्या उभ्या फेकींवर ये.

कड बारीक पॉलिश पेपरने हलकेच घास, फक्त टोचणारे कण जाईपर्यंत, आकार बदलू देऊ नकोस. मी जानेवारीत सहकारनगरला येतोय. चांगल्या प्लॅस्टिकची लेपर्ड घेऊन येतो, १६५ ते १७० ग्रॅममधली. आणखी कोणाला काही पाठवायचं असेल तर या आठवड्यात कळवा, बॅगेत जागा आहे.