नवा व्हेरिएंट शोधायचा तर आधी जोखमीच्या रुग्णांकडे का बघू नये?

अनुस्वार
अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका ७२ वर्षांच्या गृहस्थांची केस वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाहीये. रक्ताच्या आजारामुळे प्रतिकारशक्ती जवळपास संपलेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लागण झाली आणि मृत्यू होईपर्यंत, म्हणजे तब्बल ६१३ दिवस, विषाणू अंगातून गेलाच नाही. सोट्रोव्हिमॅब हे अँटिबॉडीचं औषध दिलं, तर २१ दिवसांत त्याला दाद न देणारं म्युटेशन (जनुकीय बदल) हजर. शेवटी पन्नासहून जास्त म्युटेशन्स जमली होती. त्यांच्यापासून बाहेर कुणाला लागण झाल्याचं आढळलं नाही, हे नशीब.

धडधाकट माणसाच्या अंगात विषाणू आठ-दहा दिवस टिकतो. बदलायला त्याला सवड कुठे असते? ट्रान्सप्लांट झालेले, ब्लड कॅन्सरची केमो चालू असलेले, उपचार न मिळालेले एचआयव्हीबाधित यांच्यात मात्र तो महिनोन् महिने राहतो. अर्धवट प्रतिकार आणि अर्धवट औषध, दोन्ही चुकवायला शिकतो. तरीही आपण सिक्वेन्सिंगसाठी (विषाणूचा जनुकीय क्रम अक्षर अक्षर वाचण्यासाठी) स्वॅब उचलतो ते जमेल तिथून, जमेल तेवढे.

माझं म्हणणं असं की या गटातला प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना सिक्वेन्स करावा आणि रुग्ण निगेटिव्ह होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी पुन्हा करावा. कोविड, फ्लू, आरएसव्ही (लहान बाळांना जास्त छळणारा श्वसनाचा विषाणू), तिन्हींसाठी. बाकीच्यांचे नमुने कमी झाले तरी चालतील. मतं मांडा.

तिरपागडा
असहमत, आणि तेही ठामपणे.

ओमायक्रॉन कसा सापडला ते आठवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी लॅबला दिसलं की नेहमीच्या पीसीआरमध्ये एस-जीनचा (विषाणूवरच्या काट्यांच्या जनुकाचा) सिग्नलच येत नाहीये. तेही एक-दोन नव्हे, एकामागून एक नमुन्यांत. हे नमुने साध्या तपासणीला आलेल्या लोकांचे होते, ट्रान्सप्लांट वॉर्डातले नव्हते. तिथून सिक्वेन्सिंग झालं, २४ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं गेलं, २६ ला नाव पडलं. ओमायक्रॉन नेमका कुठल्या रुग्णात तयार झाला, हे आजतागायत कुणालाही दाखवता आलेलं नाही. दीर्घ संसर्गाची थिअरी मलाही पटते, पण थिअरीच्या भरवशावर सगळे नमुने एकाच टोपलीत टाकायला मी तयार नाही.

शिवाय म्युटेशन होणं आणि पसरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्याच उदाहरणात पन्नास म्युटेशन्सचा विषाणू एकाच माणसाबरोबर संपला.

अनुस्वार
@तिरपागडा, तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा दिलात. तो एस-जीनचा सिग्नल गायब झाला ६९-७० या जागेच्या डिलिशनमुळे, म्हणजे तिथला तुकडा गळाल्यामुळे. हेच डिलिशन २०२० मध्ये केंब्रिजच्या एका रुग्णात दिसलं होतं. प्रतिकारशक्ती दुबळी, १०१ दिवसांचा संसर्ग, त्यात प्लाझ्मा थेरपी दिलेली. सोबत ७९६ क्रमांकाच्या जागी आणखी एक बदल. ओमायक्रॉनमध्येही ७९६ ची जागा बदललेली होतीच, फक्त अक्षर वेगळं. पेपर फुटलेला होता, आपण उघडून पाहिला नाही इतकंच.

तिरपागडा
ही पश्चातबुद्धी झाली! ते डिलिशन तोपर्यंत विषाणूच्या कितीतरी वेगवेगळ्या वंशावळींत (शाखांत) स्वतंत्रपणे आलेलं होतं, अल्फातही होतं. एका रुग्णात दहा बदल दिसले तर त्यातला कुठला जगभर फिरणार हे त्या दिवशी तुम्ही सांगू शकला असता का? नसता. ते कळतं ते बाहेर किती वेगाने वाढतोय त्यावरून, आणि त्यासाठी बाहेरचेच नमुने लागतात. तुम्ही नेमके तेच कमी करायला निघालात.

गोम
एक बाजू सुटतेय. जोखमीच्या रुग्णांना विषाणू बहुतेक वेळा धडधाकट लोकांकडूनच मिळतो. सुप्टाव्हुमॅब आठवतंय का कुणाला? मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना आरएसव्हीपासून वाचवायला केलेली अँटिबॉडी. तिसऱ्या टप्प्याची चाचणी फसली, कारण फिरत असलेल्या आरएसव्ही-बी या उपप्रकारात नेमक्या त्या अँटिबॉडीच्या जागेवरच दोन अमिनो आम्लं बदललेली होती. तो बदल कुठल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) झाला नव्हता, सगळीकडे फिरत होता. म्हणजे नाजूक बाळांना वाचवायचं तर शिंकणाऱ्या शेंबड्या पोरांवर नजर हवी.

सांजवारा
किडनी ट्रान्सप्लांट होऊन सहा वर्षं झाली. म्हणजे या धाग्याचा विषय मीच.

आमच्या गटाबद्दल 'व्हेरिएंटचा कारखाना' हा शब्द मी माझ्या तोंडावर ऐकला आहे. एका नातेवाइकाने चेष्टेत म्हटलं होतं, पण त्यानंतर त्या घरी मी गेले नाही. असले धागे वाचताना तो शब्द आठवतो. अनुस्वार, तुम्ही तसं म्हटलं नाहीत हे कबूल.

दुसरं असं की लांबलेल्या कोविडमध्ये एका रुग्णालयात माझा स्वॅब तीनदा घेतला. 'सिक्वेन्सिंगला पाठवतोय' म्हणाले. काय निघालं, कुणी सांगितलं नाही. विचारलं तर 'तो अभ्यासासाठी होता' हे उत्तर. नळी माझ्या नाकात, माहिती तुमच्या संगणकात.

पण माग काढू नका असं मी म्हणणार नाही. लस आमच्या अंगी नीट लागत नाही, म्हणून एव्हूशेल्ड हे अँटिबॉडीचं इंजेक्शन आलं होतं. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आणि जानेवारी २०२३ मध्ये ती मागे, कारण तेव्हा फिरणाऱ्या बहुतेक व्हेरिएंटवर ते चालेना. हे कुणी मोजत नसतं, तर लोक खोट्या भरवशावर गर्दीत फिरत राहिले असते.

खडीसाखर
मी लॅबमधली. दोन्ही बाजूंना थोडं थोडं लागेल असं बोलते.

पहिलं, 'प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना' हे कागदावर सोपं आहे. सीटी व्हॅल्यू (पीसीआरमधला आकडा, तो जितका जास्त तितका नमुन्यात विषाणू कमी) तिशीच्या वर गेली की पूर्ण जिनोम मिळणं मुश्कील. महिनोन् महिने पॉझिटिव्ह राहणाऱ्यांची सीटी वरखाली होत असते, म्हणजे दर पंधरवड्याला काहीतरी हाती लागेलच असं नाही. दुसरं, एकाच अंगात विषाणूच्या दोन-तीन वंशावळी एकत्र नांदत असतात. नाकात एक, फुप्फुसात दुसरी. आपण अहवालात देतो तो बहुमताचा क्रम. पाच-दहा टक्क्यांवर दबा धरून बसलेलं, औषधाला न जुमानणारं म्युटेशन त्यात दिसतच नाही. ते हवं असेल तर खोलवर सिक्वेन्सिंग करावं लागतं, खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

आता अनुस्वारच्या बाजूने. नोव्हेंबर २००९, कार्डिफमधलं एक मोठं रुग्णालय, रक्ताच्या गंभीर आजारांचा वॉर्ड. तिथे स्वाइन फ्लूच्या रुग्णांत ओसेल्टामिव्हिर या फ्लूच्या औषधाला दाद न देणारा विषाणू सापडला, एच२७५वाय म्युटेशनचा. आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला होता. वॉर्डात बघितलं म्हणून कळलं, आणि झानामिव्हिर या दुसऱ्या औषधाकडे वळायचं की नाही हा प्रश्न त्याच आठवड्यातला होता. माग काढण्याचा मला दिसणारा सगळ्यात रोकडा उपयोग हाच. जगाला इशारा वगैरे ठीक आहे, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला गोळी लागू पडणार की नाही?

तिरपागडा
कार्डिफचं मान्य. पण ती वॉर्डातली संसर्ग-नियंत्रणाची बाब झाली. त्यासाठी एका ठरावीक म्युटेशनची पीसीआर पुरते, काही तासांत उत्तर. पूर्ण जिनोमचा खटाटोप कशाला?

खडीसाखर
एच२७५वायसाठी पुरते, कारण ते आपल्याला आधीच माहीत आहे. न पाहिलेल्यासाठी पीसीआर कशी बनवणार?

गोम
जरा अवांतर. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सांडपाण्यात एक विचित्र वंशावळ दिसली, तर संशोधक मॅनहोलमागून मॅनहोल तपासत एका इमारतीपर्यंत पोचले. तिथे काम करणारे जेमतेम तीसेक. माणूस सापडला नाही तो नाहीच. मला कौतुकही वाटलं आणि अंगावर काटाही आला. सांजवारांचा मुद्दा इथेही लागू होतो: शोधणाऱ्याला विषाणू हवा असतो, पण तो असतो कुणाच्या तरी पोटात.

अनुस्वार
'बाकीचे नमुने कमी झाले तरी चालतील' हे माझं वाक्य मागे घेतो. सुप्टाव्हुमॅबचं उदाहरण मला माहीत नव्हतं, त्याने माझी गोची केली. बाकी मागणी कायम आहे, फक्त क्रम बदलतो: दीर्घकाळ पॉझिटिव्ह राहिलेल्यांत आणि औषध देऊनही विषाणू न हटलेल्यांत आधी, बाकी जोखमीच्यांत नंतर. संमती घेऊन, आणि रिपोर्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे दोन-तीन दिवसांत.

@तिरपागडा, पुढे काय पसरेल याचं भाकीत मी करत नाहीये. पण बाहेर काही विचित्र दिसलं तर ताडून बघायला आपल्याकडे आधीची नोंद असावी, एवढं तरी पटतं का?

तिरपागडा
नोंद म्हणून पटतं. इशारा म्हणून नाही. आणि पैसे अपुरे असतील तेव्हा मी अजूनही आधी बाहेरचेच नमुने उचलेन.

सांजवारा
'डॉक्टरांकडे' म्हणजे नक्की कुणाकडे? माझ्या फाईलला तो कागद लागणार का?

खडीसाखर
बऱ्याच ठिकाणी आज तरी नाही लागत. सिक्वेन्सिंग संशोधनाच्या खात्यात मोडतं, निदानाच्या नाही. त्यासाठीची मान्यता नसेल तर आम्हाला रुग्णाच्या नावाने रिपोर्ट देताच येत नाही, नमुन्यावर नुसता कोड असतो. पुढच्या वेळी स्वॅब देताना संमतीपत्रावर 'निष्कर्ष कळवणार का' हा रकाना आहे का बघा. नसेल तर पेनने लिहा आणि सही त्याच्याखाली करा.