‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ : मनात राहिलेला प्रसंग

स्टॅन्ली कुब्रिक यांचा हा चित्रपट एप्रिल १९६८मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या पंधरा महिने आधी, प्रदर्शित झाला. त्याच्या अर्थावर पुष्कळ लिहून झाले आहे, तेव्हा शेवटच्या त्या पांढऱ्या खोलीचे कोडे येथे कृपया सोडवू नये. चित्रपट आपण कुठे, कसा पाहिला आणि त्यातला कोणता प्रसंग अजून पाठ सोडत नाही, एवढेच लिहावे.

सुरुवात मी करतो. शीतनिद्रेत ठेवलेल्या तिघा अंतराळवीरांना यान चालवणारा हॅल हा संगणक मारतो, तेव्हा पडद्यावर रक्त नाही की किंकाळी नाही; वरखाली होणाऱ्या रेषा एकेक करून सरळ होत जातात आणि जीवनक्रिया थांबल्याची अक्षरे उमटतात. विशीत पाहताना हे मला थंड आणि कोरडे वाटले होते. पुढे वडील अतिदक्षता विभागात असताना मी माणसाकडे न बघता मॉनिटरकडेच बघत बसलो होतो, आणि त्यानंतर तो प्रसंग मला कोरडा वाटलेला नाही.

नागपूर
आम्ही वसतिगृहात डीव्हीडीवर पाहिला. सुरुवातीची जवळजवळ तीन मिनिटे पडदा काळा असतो आणि केवळ लिगेटी या संगीतकाराचे संगीत चालू असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तबकडी खराब निघाली असे समजून मित्राने ती बाहेर काढली, शर्टाला पुसली आणि पुन्हा घातली. पुन्हा तोच काळोख. पहिला संवाद यायला सुमारे पंचवीस मिनिटे लागतात, तोवर निम्मी खोली झोपली होती.

सातारा
मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि केंद्राभिमुख बलाचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणाऱ्या बलाचा, धडा आला की यानातल्या गोल दालनात धावणाऱ्या अंतराळवीराचा तुकडा वर्गात दाखवत असे. त्यासाठी इंग्लंडमधल्या बोअरहॅमवुडच्या स्टुडिओत ३८ फूट व्यासाचे, सुमारे ३० टनांचे चाक खरोखर उभारले होते. नट तळाशीच धावत राहतो आणि चाक त्याच्या पायाखालून फिरते. एका मुलीने लगेच विचारले, “मग बाई, दुसऱ्या दृश्यात वर उलटा बसून जेवणारा पडत कसा नाही?” तो खुर्चीला बांधलेला होता, हे सांगितल्यावर वर्गाला त्या बलापेक्षा त्या नटाचीच अधिक काळजी वाटू लागली. चुकाही मी दाखवत असे : वजनरहित अवस्थेत नळीने ओढलेले पेय पुन्हा खाली घसरते, ते तसे घसरू नये, आणि चंद्रावरचे डोंगर फार टोकदार दाखवले आहेत. अवकाशातली शांतता मात्र अचूक आहे, आणि नंतरच्या कितीतरी चित्रपटांनी तेवढीही पाळली नाही.

न्यू जर्सी
२०१८ साली मूळ निगेटिव्हवरून, डिजिटल दुरुस्ती न करता, ७० मिलीमीटरच्या नव्या प्रती काढण्यात आल्या. त्यांतली एक मी पाहिली. दोघे अंतराळवीर बंद कुपीत, म्हणजे यानातल्या छोट्या उपयानात, बसून गुप्तपणे बोलतात, हॅल काचेतून त्यांचे ओठ वाचतो आणि नेमके तिथेच मध्यंतर होते. शेजारच्या अमेरिकन मित्राला मध्यंतर हीच गोष्ट नवी होती. आपल्याला तिची सवय असली, तरी इतके दुष्टपणे साधलेले मध्यंतर मी अन्यत्र पाहिलेले नाही.

पुणे
मला हा चित्रपट आवडत नाही, हेही नोंदवावे. स्त्रियांच्या वाट्याला प्रामुख्याने ट्रे उचलणे आले आहे. अपवाद हॅलच्या मृत्यूचा : स्मृतीचे पारदर्शक ठोकळे एकेक करून बाहेर सरकतात, शिरस्त्राणातला श्वास तेवढा ऐकू येतो आणि हॅलचा आवाज ‘डेझी’ गाता गाता जड होत जातो. १९६१ साली बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेत आयबीएमच्या संगणकाकडून हेच गाणे गाऊन घेतले होते, हे कळल्यावर तर अंगावर काटा आला. साताऱ्याच्या ताईंना एक विचारायचे आहे : बोमन हा अंतराळवीर शिरस्त्राणाशिवाय कुपीतून निर्वात पोकळीतून यानाच्या वातबंद कक्षात उडी घेतो, ते शक्य आहे का?

सातारा
काही सेकंदांपुरते शक्य आहे. १९६६ साली ह्यूस्टनमध्ये निर्वात कक्षातल्या चाचणीत पोशाखाची नळी निसटली, तेव्हा आतला तंत्रज्ञ सुमारे चौदा सेकंदांत बेशुद्ध झाला, परंतु कक्षात लगेच हवा भरल्यामुळे वाचला. बोमन मात्र श्वास रोखून उडी घेताना दिसतो, आणि तसे कधीही करू नये. हवा प्रसरण पावून फुफ्फुसे फाटतात. श्वास आधी सोडून द्यायचा असतो.