मदत हवी आहे: पामचं खोड खालून मऊ पडलंय

कुंडीतलं_रान: पानं पिवळी होऊन भराभर गळतायत. खोड तळाशी दाबलं की बोट आत जातं. काय करू? लवकर सांगा.

मागचं_अंगण: मूठभर शेणखत घाला. आमच्या सुपारीला लागू पडलं होतं.

सह्यकडा: थांबा. कुठला पाम? खोडाला काटे आहेत का?

कुंडीतलं_रान: आहेत की, तीन-तीनच्या झुपक्यांनी. वर पानांचा तुरा.

सह्यकडा: मग हा मादागास्कर पाम, पॅकिपोडियम. सुपारीशी काही संबंध नाही, चाफा-कण्हेर-अडेनियमच्या कुळातला. शेणखत अजिबात नको. गाव कुठलं, पाणी किती, खाली प्लेट आहे?

कुंडीतलं_रान: पुणे. रोज थोडं पाणी. प्लेट ठेवावीच लागते, खालच्या मजल्यावर पाणी पडलं की भांडण होतं. उपाय सांगा ना!

वडाची_पार: काटेरी झाड दारात नकोच. आमच्या बांधावरच्या निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर आग आग व्हायची.

सह्यकडा: निवडुंग वेगळा, याला दुधासारखा चीक नसतो. रस मात्र विषारी, हातमोजे घाला. मादागास्करच्या दक्षिण भागात हे कोरड्या, खडकाळ जागी वाढतं. खोडातच पाणी साठवतं, त्यामुळे मुळं सतत ओली राहिली की कुजतात आणि कूज वर चढते. आजच कुंडीतून काढा. तळापासून चकत्या कापत वर जा, दर कापाला पातं स्पिरिटने पुसा. पांढरट, टणक गर लागला की थांबा. गंधकाची पूड लावून वाऱ्यावर, सावलीत सुकू द्या. मग जाड वाळू आणि विटेचा चुरा मिसळून त्यात लावा.

दगडफूल: कापलेलं अडेनियम जगतं, हे क्वचितच मुळं धरतं. उगाच आशा लावू नका. शिवाय थंडीत याची पानं गळतातच, माझ्याकडे दरवर्षी नुसता काटेरी खांब उरतो.

सह्यकडा: तुमचं खोड टणक असतं. यांचं भर पावसाळ्यात मऊ पडलंय. न कापता मरणारच, कापून निदान संधी आहे.

कुंडीतलं_रान: वीतभर कापलं. कडेचा गर पांढरा आहे, मधोमध तपकिरी ठिपका दिसतोय. वर हातभरच उरलंय. थांबू का?

सह्यकडा: नाही. ठिपका पुरता जाईपर्यंत कापा. तेवढाही राहिला तर कूज पुन्हा चढेल.

दगडफूल: हे मात्र बरोबर. आणि सुकेपर्यंत पाण्याचा थेंब नको.