डोक्याला मार आणि डिमेन्शिया: ॲन मकी यांचे पेपर कुठून वाचायला घेऊ?

कट्टेकरी: डोक्याला मार बसून होणाऱ्या मेंदूविकारांवर संशोधन करणाऱ्या बोस्टनच्या ॲन मकीबाईंचे पेपर वाचायचेत, पण यादी मारुतीच्या शेपटीएवढी लांब आहे, सुरुवात कुठून करू?

खवचट_खार: 2017 चा ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातला घ्या. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) खेळलेल्या 111 जणांपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडलेला मेंदूऱ्हासाचा आजार) सापडला. पण लगेच घाबरू नका, मेंदूदान बहुतेक त्रास दिसलेल्यांच्याच घरचे करतात, त्यामुळे हा आकडा सरसकट सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, पेपरातच तसं लिहिलंय, बातम्यांत ते हमखास गळतं.

निवांत: +1. जोडीला ग्लासगोच्या विली स्ट्युअर्टांचा 2019 चा वाचा. 7676 माजी फुटबॉलपटू (हा आपला नेहमीचा फुटबॉल), मेंदूऱ्हासाच्या आजारांनी मृत्यूचं प्रमाण इतर लोकांच्या साधारण साडेतीन पट. गोलकीपरना डिमेन्शियाची औषधं कमी लागलेली, मृत्यूंत मात्र तसा फरक नाही.

कट्टेकरी: सीटीई जिवंतपणी कळतो का हो?

खवचट_खार: खात्रीने नाही. मेल्यावर मेंदूचे काप करून त्यात साचलेलं टाउ नावाचं प्रोटीन बघतात.