समुद्रापेक्षा गल्ल्या
समुद्र आणि जुन्या दगडी इमारतींमुळे मुंबईत डिझायनरला सुचत राहतं, असं म्हणतात. समुद्राचं मलाही पटतं. पण मला या शहराने घडवलं ते फोर्टातल्या छपाईच्या गल्ल्यांनी. मी लग्नपत्रिका आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करते. सुरुवातीला एका पत्रिकेची घडी सारखी तडकत होती, शाईखालचा पांढरा कागद दिसायचा. दोष शाईचा असं मी धरून बसले होते. बाइंडिंगवाल्या काकांनी त्याच कागदाचे दोन तुकडे फाडले, एक उभा, एक आडवा. एक सरळ रेषेत फाटला, दुसरा वेडावाकडा. "सरळ फाटतो ती ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा. घडी तिच्याच दिशेने घाला, ताई." स्क्रीनवर बसून हे मला कधीच कळलं नसतं. आजही कागद हातात आला की आधी कोपरा फाडून बघते, मग डिझाइनला बसते.

आणखी एक मुद्दा आहे, जागेचा. १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली. साधा शाळेचा हॉल, पण तिथे प्रयोग फसला तरी पुढचा करता येत होता. नवं काही करू बघणाऱ्याला आज मुंबईत अशी जागा शोधताना दमछाक होते, आणि मला त्याची फार काळजी वाटते. समुद्र आहे तिथेच राहील, पण फोर्टातले ते बाइंडिंगवाले भाडं परवडेना म्हणून भिवंडीला गेले. आता एक नमुना दाखवायचा तर अख्खा दिवस जातो.