मेंदूत इलेक्ट्रोड बसवताना अर्ध्या सुताची चूक चालते?

कुपवाडचा टर्नर:
कुपवाड एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. अण्णांना पार्किन्सन. सिंडोपाची गोळी लागू पडली की चालतात, उतरली की दारातच पाय चिकटतात. पुण्यातल्या डॉक्टरांनी डीबीएस सुचवलंय, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोडची तार बसवून सतत करंट द्यायचं ऑपरेशन. तार किती अचूक बसते विचारलं, तर म्हणाले, "एक-दीड मिलिमीटरचा फरक धरायचा." माझ्याकडं पोरानं शाफ्ट पॉइंट एकनं जरी जास्त कापला तरी जॉब भंगारात. आणि इथं मेंदू! एवढ्या महागड्या मशिनरीत अर्ध्या सुताची चूक कशी काय? आई तर म्हणतेय, नकोच ते.

मिरज ओटी:
दादा, मी न्यूरोच्या ओटीत, म्हणजे मेंदूच्या ऑपरेशन थिएटरात, टेक्निशियन आहे. कवटीला स्क्रूनं आवळलेल्या फ्रेमची चूक कमीच असते. घोळ तुमच्या भाषेत जॉबचा आहे. मेंदू मऊ, पाण्यात तरंगणारा. भोक पाडून आवरण उघडलं की पाणी झिरपतं, हवा शिरते, मेंदू थोडा खाली बसतो आणि आधीच्या एमआरआयवर धरलेलं टार्गेट सरकतं. म्हणून भोक पटकन बुजवतात. शिवाय एमआरआयचं चित्र जरा वाकडं येऊ शकतं, त्यामुळं फ्रेम लावून सीटी काढतात आणि दोन्ही चित्रं एकावर एक जुळवतात. तारेच्या वाटेत रक्तवाहिनी येत नाही ना, हेही त्यातच बघतात. रक्तस्रावाची भीती असते, ती लपवायची गोष्ट नाही.

टार्गेट असतं सबथॅलॅमिक न्यूक्लियस, मेंदूत खोलवर असलेला पेशींचा पुंजका, जेमतेम सेंटीमीटरभर. तारेची जाडी 1.27 मिलिमीटर. म्हणजे दीड मिलिमीटर ही थोडकी गोष्ट नाही, तुमची शंका रास्त आहे.

कुपवाडचा टर्नर:
मग मापात बसली की नाही हे कळतं कसं?

मिरज ओटी:
नुसत्या मापावर सोडत नाहीत. बऱ्याच ठिकाणी बारीक इलेक्ट्रोड घालून पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकतात. न्यूक्लियसमध्ये शिरलं की खरखर एकदम वाढते. मग पेशंट जागा असताना करंट देतात. तोंड किंवा हात ओढला गेला तर तार बाहेरच्या बाजूला, मुंग्या आल्या तर मागं. पूर्वी करंट न देता मेंदूतला बारीकसा भाग जाळायचे, तिथं चुकलं की चुकलं. 1987 साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद यांनी जाळण्याऐवजी सतत करंट देऊन कंप थांबवला, तेव्हापासून नंतर फेरफार करायची सोय झाली. तारेवर वरखाली चार कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट सोडायच्या जागा, असतात, सोयीचा निवडता येतो. पण तार दोन-तीन मिलिमीटर आडवी सरकली असेल तर गुण यायच्या आधी त्रासच सुरू होतो. मग पुन्हा टेबलावर.

सातारची काकू:
आमच्या ह्यांचं झालंय. ऑपरेशन चालू असताना मूठ उघड-मीट करायला लावली, वार म्हणायला लावले. बाळा, मिलिमीटरच्या आधी एक विचार, गोळीनं अण्णांचं काय काय सुधारतं? बहुतेक तेवढंच ह्यानं सुधारतं. ह्यांची थरथर गेली, ताठरपणा गेला. तोल आणि बोलणं मात्र होतं तसंच. आणि तार बसली म्हणजे संपलं असं समजू नकोस. पुढं करंट जुळवायला कितीतरी फेऱ्या होतात, त्याचा खर्च आणि रजा आधीच धर.

कुपवाडचा टर्नर:
गोळीनं चालणं सुधारतंय, म्हणजे आशा आहे. तार बसल्यावर सीटी काढून फरक किती आला ते दाखवणार का, हे डॉक्टरांना विचारतो. अण्णांचा प्रश्न वेगळाच आहे, डोकं पूर्ण भादरतात का?

मिरज ओटी:
काही ठिकाणी पूर्ण, काही ठिकाणी भोकापुरतं. आधीच सांगून ठेवा.