होजियरीच्या हाफ चड्ड्या घरी शिवायच्यात: सुई, कापड, इलॅस्टिक कोणतं घेऊ?

सुईदोरा: मुलगा 4 वर्षांचा आहे, उन्हाळ्यात घरी घालायला हाफ चड्ड्या शिवायच्यात. मशीन घरगुती झिगझॅगवालं. सुती फ्रॉक, परकर नीट होतात पण होजियरीवर टाका मधेच सुटतो आणि शिवण ताणली की दोरा तटकन तुटतो. लूपनिट (आतून फासे असलेली जाडसर होजियरी) घेऊ की कॉटन लायक्रा (जास्त ताणणारी सुती होजियरी)? सुई, कापड, इलॅस्टिक सगळं मिळून बजेट 600. नवीन मशीन नकोय.

धागेदोरे_नाशिक: ओव्हरलॉक मशीनच घ्या ताई, कडा कापून गुंफत शिवतं ते. मी सेकंडहँड घेतलं, मोटरसकट नऊ हजारात पडलं, आता पूर्ण सोसायटीच्या मुलांच्या नाइट पँट माझ्याकडेच असतात.

वऱ्हाडी_बाबा: एवढा खटाटोप कायले, तिरुपूरचा माल आठवडी बाजारात ढिगानं येते. अन् शिवायचंच असन तर लूपनिट नका घेऊ, आमच्याकडे 45 डिग्रीत पोरगं उकडून जाईल.

धागेदोरे_नाशिक: नाशिकला लूपनिट चालतं. लायक्रा मात्र नकोच, कापलं की कडा गुंडाळतात.

दादरची_मावशी: अगं आधी सुई बदल! साध्या टोकदार सुईनेच टाका सुटतो. बॉलपॉइंट सुई घे, 11 किंवा 14 नंबर, तिचं टोक गोलसर असतं म्हणून ती विणीतून सरकते, फासा तुटत नाही. लायक्रा असेल तर स्ट्रेचची सुई मिळते ती. दुकानात सांग चपट्या दांड्याची हवी, शिंप्यांच्या बऱ्याच मशीनला गोल दांड्याची लागते आणि ती तुला बसणार नाही. दोरा पॉलिस्टरचा. सरळ टाका नकोच, अगदी बारीक झिगझॅग, रुंदी 1 च्या आत आणि लांबी अडीच, म्हणजे शिवण कापडाबरोबर ताणते. मागून कापड ओढू नकोस, लाटा येतात.

कोथरूडकर: +1 बॉलपॉइंट सुई. आणि कापड धुऊनच कापा.

धागेदोरे_नाशिक: मी कधीच धूत नाही, काही होत नाही.

कोथरूडकर: कॉटन होजियरी आटतेच, माझ्या मुलीची पँट पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर गेली. इलॅस्टिक तुळशीबागेतून आणा, एक इंची, विणलेलं.

दादरची_मावशी: एक इंची 4 वर्षांच्या मुलाला रुततं, पाऊण घे. कंबरेपेक्षा दीड-दोन इंच कमी, वर अर्धा इंच जोडाला. कापताना ताण कंबरेभोवती आडवा येऊ दे, उभा आला तर चड्डी मांडीवरून चढत नाही.

वऱ्हाडी_बाबा: पहिल्यांदा जुन्या टीशर्टवर शिवून पाहा. फुकटात काम.

सुईदोरा: सगळ्यांचे आभार. मावशी, स्ट्रेचची सुई लावली आणि टाका सुटायचा थांबला, खूप बरं वाटलं!! कापड मात्र कॉटन लायक्राच आणलं. लूपनिट आतून त्याला टोचतं, आणि तो दिवसभर उकिडवा बसून खेळतो, नुसत्या कॉटनला मागे पोंगा येतो, म्हणजे कापड ढिलं पडून फुगतं. कडांवर स्टार्चचा स्प्रे मारून इस्त्री केली, गुंडाळल्या नाहीत. धुऊन मगच कापलं.

नवीन_शिवणकाम: ताई, आसन (कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) किती ठेवलंत? माझ्याकडे नेहमी मागून खाली सरकते.

सुईदोरा: त्याला बसणाऱ्या चड्डीवरून खाका काढला. मागचं आसन पुढच्यापेक्षा सव्वा इंच वर ठेवा, सरकणार नाही.